‘बाबा, मावशींना एका शर्टाचे किती देता?’

पत्र थोडक्यात असं: ‘नागपुरात, महाल भागात आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. मुलगी यंदा बारावी सायन्सला. ती आणि तिच्या मैत्रिणी “माझे कपडे कोणी शिवले?” असे फलक घेऊन सीताबर्डीला उभ्या राहतात, मोठ्या ब्रँडच्या दुकानांत जाऊन विचारतात. तोवर मी काही बोललो नाही. मागच्या आठवड्यात जेवताना तिनं मलाच विचारलं, “बाबा, शर्ट शिवणाऱ्या मावशींना तुम्ही एका शर्टाचे किती देता?” मी ताटावरून उठलो. आता म्हणते, याच कामात करिअर करीन. पोट्टी घरच्याच धंद्यावर उठली, मॅडम. असं काही करिअर असतं का?’

भाऊ, नमस्कार.

असतं. त्याबद्दल सविस्तर लिहितेच. पण त्याआधी एक सांगते. तुम्ही ज्या प्रश्नावर ताटावरून उठलात, त्याचं उत्तर तिला द्या, आणि ते आकड्यात द्या. तिच्या करिअरची सुरुवात तुमच्या दुकानातल्या मजुरीच्या वहीतून व्हावी असं मला मनापासून वाटतं.

माझी आत्या पाचपावलीत घरी बसून गणवेशाचे शर्ट शिवायची. कापलेल्या कापडाचा गठ्ठा सुतळीनं बांधून यायचा, त्यात पाठ, दोन पुढे, बाह्या, कॉलर, खिसा. काज-बटण दुसरीकडे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे शिलाईचा सगळा हंगाम नेमका मे महिन्यात, वर टिनाचं छत. कूलर असून ती लावायची नाही, कारण हवेनं कापलेले तुकडे उडायचे. पहाटे चारला मशीनवर बसायची, दहाला उठायची, पुन्हा संध्याकाळी. कॉलरचं टोक ती जाड सुईनं अलगद बाहेर काढायची, दोन्ही टोकं सारखी आली की नाही ते उजेडाला धरून बघायची. टोक बोथट राहिलं तर ठेकेदार त्या शर्टाचे पैसे कापायचा. धागा तिचा, वीज तिची, मशीनचं तेल तिचं. या खर्चाचा हिशेब कुणीच मांडला नाही, तिनंही नाही.

तुमच्याकडच्या मावशींचं असंच आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही कदाचित बरा दर देत असाल. पण लेकीला ते दिसू द्या. एका मावशींच्या परवानगीनं तिला एक दिवस त्यांच्याशेजारी बसवा. एक शर्ट शिवायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजू द्या. मग आठ तासांत किती शर्ट होतात, गुणिले तुमचा दर, वजा धागा आणि वीज. जो आकडा येईल तो शासनाच्या किमान वेतनाच्या तक्त्याशेजारी मांडायला सांगा. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाचं संरक्षण आहे. 1948च्या कायद्यात ते होतं, आणि नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. आकडा कमी भरला तर तिच्यापासून लपवू नका. शाळा किती भाव देते, कापड केवढ्याला पडतं, उधारी किती महिने अडकते, तेही तिला कळू द्या. घासाघीस नेमकी कुठे होते आणि तिचा भार शेवटी कुणावर पडतो, हे तिला त्या एका वहीत दिसेल.

ही मुलं हा प्रश्न का विचारतात, तेही सांगते. 24 एप्रिल 2013ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. 1,134 माणसं गेली, त्यात बहुतेक शिलाई कामगार, आणि त्यातही बायका-मुली जास्त. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, पण कपड्यांच्या कारखान्यांनी कामगारांना कामावर बोलावलं. त्यानंतर ‘माझे कपडे कोणी शिवले?’ हा प्रश्न जगभर उभा राहिला. तुमच्या लेकीच्या हातातला फलक तिथून आलाय. नुसत्या फलकांवर ते थांबलंही नाही. त्याच वर्षी कामगार संघटनांनी मोठ्या ब्रँडशी इमारत आणि आगीपासून सुरक्षेचा करार केला, कायद्यानं बांधून घेणारा. त्यातून हजाराहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली, जिने, दरवाजे, वायरिंग सुधारलं.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. तमिळनाडूत दिंडीगुलला एका कपड्यांच्या कारखान्यातल्या तरुण कामगार मुलीच्या खुनानंतर बायकांनी चालवलेली एक कामगार संघटना उभी ठाकली आणि एप्रिल 2022मध्ये मालक आणि परदेशी ब्रँड दोघांकडून छळाविरुद्धच्या करारावर सह्या घेतल्या. असे करार करायला भावना लागतेच, पण टेबलावर बसल्यावर कायदा, हिशेब आणि उत्पादन समजणारं माणूस लागतं. ही माणसं कमी आहेत, आणि नोकऱ्या तिथेच आहेत.

तिच्यासाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती वाट कायद्याची. बारावीनंतर पाच वर्षांचं विधी शिक्षण घेता येतं. नागपुरातच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, त्यासाठी क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि ती अलीकडे डिसेंबरात होते. राज्याची सीईटी देऊन इतर कॉलेजंही आहेत. आपल्या शहराला ही वाट अनोळखी नाही. जुलै 1942मध्ये बाबासाहेब इथे मोहन पार्कच्या परिषदेला आले, त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत 1946ला कारखान्यांतला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48वर आणणारी दुरुस्ती मांडली गेली. शिवणाऱ्या बाईच्या आठवड्यातले सहा तास कायद्याच्या कलमानं परत मिळतात, हे तिला जरूर सांगा.

दुसरी वाट उत्पादनाची. सायन्समध्ये गणित असेल तर निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेचा फॅशन टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम बघा. तो डिझाइनचा नाही, कारखाना चालवण्याचा आहे. एका कपड्याला किती मिनिटं लागावीत हे ठरवणं तिथे शिकवतात. आज ते आकडे बहुतेक मालकाच्या बाजूचा इंजिनिअर ठरवतो. कामगारांच्या बाजूनं ते तपासू शकणारी मुलगी तयार झाली तर मला फार आनंद होईल.

समाजकार्याचं शिक्षणही नागपुरातच मिळतं, मातृसेवा संघाच्या संस्थेत किंवा तिरपुडे महाविद्यालयात. पुढे टिसमध्ये, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, श्रम अभ्यासाचं एमए करता येईल. पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

सामाजिक ऑडिटच्या, म्हणजे कारखान्यात कामगारांना कसं वागवतात ते तपासण्याच्या, नोकऱ्यांत पैसा बरा मिळतो. निर्यात करणाऱ्या कारखान्यांना बरेचदा एसए 8000सारखी प्रमाणपत्रं लागतात, ती तपासणारी माणसं लागतात. फक्त राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचंही आधी ऑडिट झालं होतं. इमारतीचा धोका त्या कागदात आला नाही. तिनं या कामात गेल्यास हे लक्षात ठेवूनच जावं.

तिला आता काय सांगायचं? बारावीत गणित सोडू नको. डिसेंबरपर्यंत फलक महिन्यातून एक रविवार, बाकीचे रविवार क्लॅटला. आणि या हंगामात मजुरीची वही तिच्या हाताखाली द्या. मावशींना पैसे देताना तिला शेजारी बसवा, नाव, नग, दर, रक्कम तिनंच लिहावी. धाग्याचा खर्च दुकानानं उचलावा असं ती म्हणेल, मला खात्री आहे. तेव्हा ताटावरून उठू नका, भाऊ. किती बसेल ते दोघं मिळून मोजा आणि मला कळवा.