पाडरची नीलमाची खाण खरंच संपली का? हिमालयात दुसरीकडे तसा नीलम का सापडत नाही?

तुम्ही लिहिलंय की जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यात, पाडर भागात मचैलमातेच्या यात्रेला गेला असताना "वरच्या डोंगरात नीलमाची खाण आहे" असं कानावर आलं. ती खरंच संपली का, एवढ्या मोठ्या हिमालयात तसा नीलम दुसरीकडे का मिळत नाही, आणि वाटेतल्या ओढ्यात सापडलेला निळसर, चपटा तुकडा नीलम असेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. रत्नं तपासण्याच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून माझी वीसेक वर्षं गेली. त्या खाणीपर्यंत मी कधी पोचलो नाही, पण तिथून निघालेले मोजके खडे हाताखालून गेलेत. आमच्या कामात त्या खड्यांइतका आनंद दुसऱ्या कशाने होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

नीलम म्हणजे कुरुविंद (इंग्रजीत कोरंडम) नावाचं खनिज. माणिकही तेच. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन, एवढाच मसाला. शुद्ध असेल तर कुरुविंद रंगहीन असतो; त्यात लोह आणि टायटॅनियम अगदी किंचित शिरलं की निळा होतो. यातलं काहीच दुर्मिळ नाही. पायाखालच्या मातीतसुद्धा अ‍ॅल्युमिनियम ढिगाने असतं. मग नीलम दुर्मिळ का? तर सिलिकामुळे. गारगोटी ज्याची बनते ती सिलिका जवळपास सगळीकडे असते, आणि ती अ‍ॅल्युमिनियमला मोकळं राहूच देत नाही. दोघं मिळून फेल्डस्पार होतो, अभ्रक होतं, कायनाइट होतं. गारगोटी आणि कुरुविंद एका खडकात शेजारी शेजारी नांदत नाहीत. म्हणजे नीलम तयार व्हायचा तर काही येऊन मिळण्यापेक्षा काहीतरी निघून जावं लागतं. पाडरमध्ये नेमकं तेच झालं.

भारताचा भूखंड सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आणि चिखल चेपला गेला, खोल गेला, तापला. चुनखडकाचा संगमरवर झाला, चिखलाचे पट्टेदार खडक झाले. पाडरमधल्या सुमजाम गावाच्या वरच्या डोंगरात या संगमरवरात एका वेगळ्याच खडकाच्या छोट्या चकत्या अडकलेल्या आहेत: हिरवट, मॅग्नेशियमने भरलेला आणि सिलिकाची टंचाई असलेला खडक. पुढे खोलवर वितळलेल्या खडकाचा रस भेगांतून वर आला आणि थेट या चकत्यांत घुसला. अशा रसापासून जो खडक थिजतो त्याला पेग्मटाइट म्हणतात. एरवी त्यात फेल्डस्पार, गारगोटी आणि अभ्रक असतं. इथे मात्र शेजारच्या हिरव्या खडकाने त्यातली सिलिका ओढून घेतली. जिथे दोघांची गाठ पडली तिथे अभ्रकाची आणि ट्रेमोलाइट या मॅग्नेशियमवाल्या खनिजाची साल तयार झाली. आतल्या पांढऱ्या फेल्डस्पारच्या शिरेत अ‍ॅल्युमिनियम एकटं उरलं, आणि त्याचा नीलम झाला.

आता तुमच्या लक्षात येईल की हिमालयाच्या आकाराचा इथे फारसा उपयोग नाही. पेग्मटाइट हिमालयात पुष्कळ आहेत, संगमरवरही आहे. पण पेग्मटाइटची शीर बरोबर त्या हिरव्या चकतीतच घुसायला हवी, आणि लोह-टायटॅनियमचं प्रमाणही जमायला हवं. लोह जास्त झालं की खडा काळपट दिसतो. एवढं सगळं जुळून आलेली जागा काही मीटरांची असते, पर्वताएवढी नसते.

ही जागा सापडली तीही दरड कोसळल्यामुळे. साल 1881 च्या आसपासचं. सुमजाम हे मचैलच्या पुढचं शेवटच्या टोकाचं गाव. त्याच्याही वर, साधारण 4,500 मीटर उंचीवर एक लहानशी घळ आहे. तिथे कडा सुटला आणि पांढऱ्या खडकात निळे स्फटिक उघडे पडले. सुरुवातीला त्यांची किंमत कुणाला कळली नाही. लाहौलकडचे व्यापारी ते मिठाच्या बदल्यात वजनावारी घेऊन गेले आणि माल सिमल्याला पोचला, अशी गोष्ट सांगतात. मिठाची गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, सिमल्यातून दिल्ली-कलकत्त्याकडे खडे गेल्यावर वर्ष-दोन वर्षांतच बोभाटा झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एफ. आर. मॅलेट यांनी 1882 मध्येच या स्फटिकांवर लिहिलं. जम्मू-काश्मीरच्या महाराजा रणबीरसिंहांनी तिथे शिपायांचा पहारा बसवला, आणि त्यापुढची चार-पाच वर्षं हाच या खाणीचा खरा बहर.

मग 1887 मध्ये काश्मीर दरबाराच्या विनंतीवरून सर्वेक्षणाचे टी. डी. ला टूश तिथे गेले. त्या वेळी गादीवर महाराजा प्रतापसिंह होते. ला टूश यांनी पाहिलं तेव्हा मूळ शिरेतला माल जवळपास संपला होता. त्यांनी आसपास शोध घेतला, खालच्या घळीतली माती धुऊन पाहिली. दरडीबरोबर खाली आलेले खडे त्या मातीत मिळाले, पण कड्यावर दुसरी तशी शीर हाती लागली नाही. त्यांचं हे टिपण 1890 मध्ये छापून आलं आणि आजही या जागेविषयी बोलताना तिथूनच सुरुवात करावी लागते. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. वर्षातले दोन-तीन महिनेच जिथे बर्फ हटतं, तिथे तंबू ठोकून त्यांनी खडकाचा नकाशा केला आणि दरबाराला हवी असलेली आनंदाची बातमी नसतानाही जे दिसलं ते लिहिलं.

पुढच्या खटपटी थोडक्यात सांगतो. 1906 मध्ये 'काश्मीर मिनरल कंपनी' आली, दोन वर्षांत परतली. नंतर अनेकांनी खाणपट्टे (खोदायचे परवाने) घेतले, जुन्या खाणीजवळच नवी खाण निघाली, 1920 च्या दशकात कुरुविंद बऱ्यापैकी निघालं. पण त्यातला पैलू पाडण्याजोगा माल थोडा. 1931 मध्ये सी. एस. मिडलमिस यांचा अहवाल आला. त्यानंतरही सरकारी आणि खाजगी कामं अधूनमधून झाली, पण 1882 ते 1887 मधला रंग आणि आकार परत दिसला नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सापडलेला कप्पा संपला. डोंगर संपला असं कुणी म्हणू नये. तशा हिरव्या चकत्या त्या पट्ट्यात आणखी असू शकतात, पण दरडींच्या मलब्याखाली आणि बर्फाखाली, तेही रस्ता नसलेल्या उंचीवर. तिथे नीट शोध घ्यायला वर्षाला आठ-दहा आठवडेच मिळतात. त्यात 1990 नंतर किश्तवाडच्या डोंगरांत परिस्थितीच अशी होती की भूवैज्ञानिकांना निवांतपणे काम करणं अवघड होतं. आधुनिक पद्धतीने, सलग काही हंगाम, आधी नकाशा आणि मग खोदकाम अशा क्रमाने इथे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. सुरुंग लावून घाईने काढलेला कुरुविंद तडकतो, आणि त्याचा मग खडाही होत नाही.

आता खड्याविषयी थोडं, कारण पाडरच्या नीलमालाच बाजारात "काश्मिरी" म्हणतात, आणि हा शब्द फार सैल वापरला जातो. काही वर्षांपूर्वी एका घरातल्या आजींनी जुनी अंगठी आणली होती. त्यांच्या सासऱ्यांना ती काश्मिरी म्हणून विकलेली. खडा सुंदर होता, पण आत लांबच लांब रेशमासारख्या सुया होत्या आणि बाकीच्या खुणाही श्रीलंकेकडे बोट दाखवत होत्या. ते सांगताना मला जड गेलं. खऱ्या पाडरी खड्यात असं रेशीम सहसा दिसत नाही. त्यात इतके बारीक कण असतात की एकेकटा कण साध्या मायक्रोस्कोपलाही धड दिसत नाही. दिसतात ते फक्त दुधट पट्टे, एकाला एक समांतर. उजेड त्या कणांवर विखुरतो आणि निळा रंग खड्याच्या आतून पसरल्यासारखा वाटतो. मखमली म्हणतात तो हाच.

मी हातात घेतलेला एक जुना कच्चा स्फटिक अजून डोळ्यांसमोर आहे. दोन्हीकडे निमुळता, चातीसारखा. एका बाजूला फेल्डस्पार कुजून झालेली पांढरी माती चिकटलेली, तिच्यात तपकिरी टूर्मलीनचे कण. मधला भाग फिका, जवळजवळ पाण्यासारखा, आणि टोकाला तेवढी निळाई दाटलेली. द्रवात बुडवून आडवा धरला तेव्हा आत पार्गसाइट या दुसऱ्या खनिजाची एक हिरवट काडी दिसली. पार्गसाइट, टूर्मलीन आणि झिरकॉन अशा आत अडकलेल्या खनिजांच्या खुणांवरूनच आम्ही "काश्मीर" लिहायचं धाडस करतो. नुसत्या रंगावर कधीच नाही. मादागास्करचे काही खडे रंगाने इतके जवळ जातात की भले भले जाणकार थांबतात.

बहराच्या त्या चार-पाच वर्षांचा माल हाच आजही हातोहात फिरतोय, म्हणून किंमत अशी. 'ज्वेल ऑफ काश्मीर' हा 27.68 कॅरटचा नीलम 2015 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात सुमारे 67 लाख डॉलरना गेला.

राहिला तुमचा तुकडा. तुम्ही म्हणता तो चपटा आहे, पातळ पात्यासारखा, लांबीच्या दिशेने रेघा आहेत आणि निळा रंग मध्यभागी गडद. वर्णन कायनाइटचं वाटतं. वर म्हटलं ना, अ‍ॅल्युमिनियमला सिलिका भेटली की काय होतं, त्यातलंच हे एक. घरी बघायचं असेल तर स्टीलची सुई घ्या आणि एका कोपऱ्यात लांबीच्या दिशेने ओढा, मग आडवी ओढा. लांबीच्या दिशेने ओरखडा उठला आणि आडवा उठला नाही, तर कायनाइट नक्की. दोन दिशांना असा वेगवेगळा कठीणपणा हीच त्याची ओळख. दोन्हीकडे सुईच झिजून करडी रेघ उमटली आणि ती बोटाने पुसली गेली, तर मात्र तुकडा घासू नका, फोडू नका, तेल लावू नका. चिकटलेली पांढरी माती असेल तर तीही तशीच ठेवा आणि जवळच्या रत्नतपासणी लॅबमध्ये दाखवा.