परदेशात समुद्रकिनारी कायमचं राहायचंय, गाव कसं निवडायचं?

आधी व्हिसा बघा, बीच नंतर. जिथं वर्षभर कायदेशीर राहता येत नाही ते गाव कितीही आवडलं तरी लिस्टमधून काढून टाका. मग तिथल्या सगळ्यात वाईट सीझनमध्ये जाऊन महिनाभर भाड्याने राहा, म्हणजे थायलंडचंच घ्या, फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस आणि समुद्र खवळलेला, तर पलीकडच्या कोह सामुईला खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, एकाच देशात एवढा फरक. घर बघायला गेलात की कपाटं उघडून वास घ्या, एसीचं बाहेरचं युनिट आणि खिडक्यांच्या बिजागऱ्या बघा, खाऱ्या हवेने गंजल्या असतील तर तो खर्च तुमच्याच बोकांडी बसणार. बेटावर असाल तर रात्री फेरीबोट बंद असताना हॉस्पिटलला पोचायचं कसं हे नक्की विचारा, सोबत वयस्कर आईवडील असतील तर छोट्या बेटाचा विचारच करू नका असं मी म्हणेन. आणि घाईत जागा विकत घेऊ नका हो, थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेताच येत नाही, मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत घर घ्यायचं तर बँकेच्या ट्रस्टमधून घ्यावं लागतं. निदान पहिलं वर्ष तरी भाड्यानेच काढा.