आक्कांचा पुतळा करावा का?

प्रश्न : आमच्या साखर पेठेत बोळाच्या तोंडाशी बसून एक आक्का कडक भाकरी विकायच्या. गिरण्या बंद पडल्या त्या काळात त्यांनी कितीतरी घरांना उधारीवर भाकरी दिली आणि वहीत एक आकडा लिहिला नाही. गेल्या वर्षी त्या गेल्या. पेठेतली पोरं म्हणतात, आक्कांचा पुतळा बसवू. थोरली मंडळी म्हणतात, पुतळे थोरामोठ्यांचे असतात, लोक हसतील. तुम्ही मूर्तिकार आहात, तुमचं मत सांगा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर करा. मुंबईत हाजी अलीजवळ डबेवाल्याचा पुतळा आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधरींनी घडवलेले चार मजूर १९५९ पासून दगड हलवताहेत. बर्म्युडा बेटावर जॉनी बार्न्स नावाचे गृहस्थ रोज सकाळी रस्त्याकडेला उभे राहून कामाला निघालेल्यांना हात हलवायचे. १९९८ मध्ये, ते हयात असतानाच, तिथल्या लोकांनी त्यांचा पुतळा उभारला. आणि आपलंच बघा ना. ज्या गावात दर संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभाराच्या लेकीचं लग्न लागतं आणि सगळं गाव अक्षता टाकायला लोटतं, त्या गावाने भाकरीवाल्या बाईच्या पुतळ्याला का लाजावं?

मात्र चौथरा करू नका. आक्का भुईलाच बसलेल्या हव्यात, समोर परात, आणि शेजारी एखादं पोर टेकू शकेल एवढी जागा. मूर्तिकाराला लग्नकार्यातला फोटो देऊ नका, त्यात माणूस ताठ बसलेला असतो. खरी ओळख त्यांच्या हातांत आहे. भाकरी थापताना पंजा पिठावर पडतो आणि त्याच झटक्यात भाकरी परातीत थोडी फिरते. कडेला आलं की नुसती बोटं चालतात. कडक भाकरी पापडासारखी पातळ लागते, तिथे तर मनगट फार हलकं ठेवावं लागतं. आक्कांच्या हाताखाली शिकलेली सून किंवा लेक असेल तर तिला मूर्तिकारासमोर बसवून मालदांडी ज्वारीच्या पाच-सहा भाकऱ्या थापायला लावा. शाडूचं काम त्यानंतर सुरू होऊ द्या. हात चुकले तर चेहरा कितीही जुळो, पेठेतल्या बायका लांबूनच सांगतील, ‘या आमच्या आक्का नव्हेत.’

फायबर स्वस्त पडतं, पण आपल्या उन्हात त्याचा रंग टिकत नाही. ब्राँझ करा. एप्रिल-मेमध्ये ते चांगलंच तापतं, म्हणून जागा सावलीची बघा. वर्गणी कमी पडली तर भिंतीवर उठावशिल्प करा. तेही सुरेख होतं.

आता जागेचं. बोळाच्या तोंडाशी पुतळा बसवता येणार नाही. रस्ते, पदपथ अशा सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. जवळच्या शाळेचं आवार किंवा एखाद्या ट्रस्टची जागा बघा. तिथेही प्रशासनाची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. आधी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, मगच मूर्तिकाराला विसार द्या.

पाटीवर देणगीदारांची नावं नकोत, ‘समाजभूषण’ वगैरेही नको. आक्कांचं पूर्ण नाव, ‘कडक भाकरी करत’ एवढं, आणि उधारीची हकीकत दोन ओळींत. गिऱ्हाइकांत पद्मशाली घरं असतील तर तेलुगूतही लिहा.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही. आक्कांच्या घरच्यांना विचारलंत का? आपली आई पावसापाण्यात बाहेर बसलेली बघणं एखाद्याला सोसत नाही. पोरांनी आणि थोरल्यांनी मिळून त्यांच्या घरी जावं. त्यांचा होकार येईपर्यंत पावतीपुस्तकं छापू नका.