स्कॅनरवर पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलायचा का?

आपण विचारले आहे की, टर्बो डिझेल गाडी ओव्हरटेक करताना एकाएकी ताकद सोडते, स्कॅनरवर पी०२९९ हा कोड येतो आणि सर्व्हिस सेंटर टर्बो बदलायला सांगते, तर नवा टर्बो टाकावा की दुरुस्त केलेला घ्यावा. माझे उत्तर असे की, आज तरी दोन्ही घेऊ नयेत. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. पी०२९९ चा अर्थ एवढाच की, इंजिनाच्या संगणकाने हवेचा जेवढा दाब मागितला तेवढा त्याला मिळाला नाही. दाब मुळात तयारच झाला नाही, की तयार होऊन वाटेत गळून गेला, हे तो कोड सांगू शकत नाही. ते माणसानेच शोधायचे असते.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच कोडावरून आमच्या घरात वाद झालेला आहे. माझे गॅरेज परतवाड्याच्या बाजूला आहे. संत्र्याच्या हंगामात मालाच्या पिकअप गाड्या आणि एरवी ट्रॅक्टर, हे माझे नेहमीचे काम. भाऊजी शहरात राहतात. एकदा ते ताईला घेऊन आमच्याकडे आले असताना सर्वांनी चिखलदऱ्याला जायचे ठरवले, आणि धामणगाव गढी मागे टाकून घाट लागताच त्यांच्या गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळ्या धुराचा लोट निघे आणि बॉनेटखालून फुसफुस आवाज येई. हवा गळत आहे, असे मी तेथेच सांगितले. भाऊजी म्हणाले, ‘‘अंदाजाने काही बोलू नका, मशीन लावून पाहू.’’ पुढे शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मशीन लागले, हाच कोड आला आणि एका चांगल्या बैलाच्या किमतीएवढे एस्टिमेट टर्बोच्या नावाने हाती पडले. ताईने मला फोन केला, तेव्हा मी गाडी परत बोलावून घेतली.

प्रथम मी टर्बोच्या तोंडावरची एअर फिल्टरकडून येणारी नळी काढली आणि बोटांनी टर्बोच्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे आस, हलवून पाहिला. बाजूला किंचित खेळ असणे स्वाभाविक आहे, कारण तो तेलाच्या थरावर फिरतो. आत-बाहेर मात्र तो हलता कामा नये आणि पंख्याच्या पात्या बाहेरच्या कवचाला घासल्याची खूण नसावी. दोन्ही ठीक होते. म्हणून गाडीखाली जाऊन टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारी रबरी होज तपासली. वरून ती धडधाकट होती. खालच्या अंगाला मात्र, क्लॅम्पजवळ, तेलकट डागावर आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पंख्यासारखी पसरून बसलेली होती. ती पुसल्यावरही काही दिसेना. पण होज मुठीत धरून पिळली तेव्हा बोटाएवढी चीर उघडली. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते आणि चढावर आतला दाब वाढला की उघडते, त्यामुळे वर्कशॉपमध्ये न्यूट्रलवर रेस करून ती कोणालाही सापडली नसती. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसवलेला असतो. त्याने मोजलेली हवा पुढे चिरेतून निघून जाते, संगणक मात्र त्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडत राहतो, आणि जास्तीचे डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. नवी होज आणि नवे क्लॅम्प बसवल्यावर तीच गाडी, तेवढीच माणसे घेऊन, तोच घाट चढून गेली.

भाऊजी याला आजही योगायोग म्हणतात. मला ते मान्य नाही. आवाज, धूर, शाफ्टची स्थिती आणि तेलाचा डाग ही चारही लक्षणे एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत असतील तर त्याला निदान म्हणतात. आणि टर्बोच्या तोंडावरची नळीसुद्धा न काढता टर्बो बदलायला सांगणे याला निदान म्हणता येत नाही, मग ते सांगणारे वर्कशॉप वातानुकूलित असो की झाडाखालचे.

आपल्या गाडीला काळा धूर येत नसेल आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ताकद परत येत असेल, तर गाडी लिम्प मोडमध्ये जात आहे, म्हणजे बिघाड दिसल्यावर संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी करत आहे, असे समजावे. तेव्हा ॲक्च्युएटरकडे, म्हणजे दांड्याने टर्बोच्या आतल्या पात्या वळवणाऱ्या डबीकडे, जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या आधी पाहाव्यात. आपल्याकडे घरात कापूस भरलेला असतो त्या दिवसांत उंदीर गाडीतही शिरतात आणि याच नळ्या कुरतडतात. एकाने गाडी सुरू करावी आणि दुसऱ्याने ॲक्च्युएटरचा दांडा पाहावा: तो ओढला गेला पाहिजे आणि गाडी बंद केल्यावर परत आला पाहिजे. नळ्या शाबूत असून तो अडखळत असेल तर सोलेनॉइड, म्हणजे त्या नळ्यांतला व्हॅक्यूम कमीजास्त करणारा विजेचा व्हॉल्व्ह, तपासावा, नाहीतर आतल्या पात्या काजळीने अडकल्या असण्याचा संभव आहे. काही बिघाड नसता हळूहळू ताकद कमी झाली असेल, तर डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर यांच्यापासून सुरुवात करावी.

दांड्याची ही परीक्षा व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हेरिएबल, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या, टर्बोसाठी आहे. वेस्टगेट, म्हणजे दाब जास्त झाला की धूर बाजूने सोडणारे झाकण, असलेल्या साध्या टर्बोचा दांडा गाडी सुरू करताच हलत नाही, आणि काही नव्या गाड्यांत विजेवर चालणारा ॲक्च्युएटर असतो, तेथे स्कॅनर लागतोच. स्कॅनरला माझा विरोध कधीच नव्हता. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ हा धुराच्या नळीतला फिल्टर काजळी अडवून ठेवतो, त्यामुळे होज फाटली तरी धूर दिसेलच असे नाही, उलट डीपीएफ लवकर तुंबतो. नळ्यांत हवा भरून आणि वरून साबणाचे पाणी लावून गळती शोधताना गॅरेजमधल्या कंप्रेसरचा पूर्ण दाब त्यांत सोडू नये, एक बारच्या आतच ठेवावा.

निळा धूर येत असेल, तेल कमी होत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर हलत असेल, तर टर्बो खरोखरच गेलेला असण्याचा संभव आहे. तेव्हा नवा की दुरुस्त केलेला हे ठरवण्याआधी त्याला तेल पुरवणारी नळी काढून ती तुंबलेली नाही ना, हे पाहून घ्यावे, नाहीतर दुसराही त्याच वाटेने जाईल. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, ओढून न्यावी. इंजिन स्वतःचेच तेल जाळत बेफाम पळू लागले तर चावी फिरवूनही ते बंद होत नाही.