बोका नातीला चावतो. घालवून द्यावा का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचे घर वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून जवळ आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरीसाठी सकाळी बाहेर पडतात आणि सव्वातीन वर्षांची नात दिवसभर माझ्याजवळ असते. गेल्या वर्षी भर पावसात माडाच्या बागेत मांजराचे एक पिल्लू सापडले. त्याचे डोळे नुकतेच उघडले होते आणि आईचा पत्ता नव्हता. कापसाच्या वातीने दूध पाजून आम्ही ते जगवले. आज तो चांगला थोराड बोका झाला आहे. त्याचे नाव सोन्या. माझा धाकटा मुलगा मुंबईहून आला की त्याच्याशी हाताने कुस्ती खेळायचा आणि आम्ही सगळे हसत बघायचो. आता तोच बोका नातीला चावू लागला आहे. तिन्हीसांजेला ती माजघरातून पडवीत धावली की तो दाराआडून पायावर झडप घालतो. ती त्याला मांडीवर घेऊन कुरवाळत बसली तर थोडा वेळ घुरघुरतो आणि मग एकाएकी चावतो. परवा असाच तो हाताला चावला, रक्त आले. आम्ही हळद आणि चुना लावला. बोक्याला कोणतीही लस दिलेली नाही. शेजारीण म्हणते, “त्या मांजराक पोत्यात घाल आणि बंदरार नेऊन सोड.” नात मात्र हे ऐकून रडते. बोका घालवून द्यावा का? मांजराचा केस पोटात गेल्याने मुलांना दमा होतो, असेही सांगतात, ते खरे आहे का?
— एक आजी, वेंगुर्ले तालुका

उत्तर : आजी, आपले पत्र हाती आले त्याच संध्याकाळी मी आपल्याला फोन केला, कारण या प्रश्नाचा पहिला भाग अंक छापून होईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता. त्यानंतर नातीला रुग्णालयात नेऊन लस सुरू केल्याचे आणि चावल्यापासून दहा दिवस उलटल्यावरही बोका खात-पीत, हिंडत-फिरत असल्याचे आपण कळवलेत, म्हणून आता उरलेल्या गोष्टींविषयी निवांतपणे लिहिता येते. तरीही फोनवर जे बोललो ते इतर वाचकांसाठी थोडक्यात पुन्हा लिहितो.

रेबीज हा केवळ कुत्र्याच्या चाव्याचा रोग आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. परंतु मांजराच्या लाळेतूनही तो होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. मांजर चावले किंवा त्याने रक्त येईल असे ओरखडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. रडणाऱ्या मुलाला घेऊन नळाखाली किंवा पन्हाळीच्या धारेखाली उभे राहिले की पंधरा मिनिटे किती लांब असतात ते कळते, म्हणून घड्याळ लावावे. हळद, चुना, तिखट किंवा कॉफीची पूड यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने विषाणू मरत नाही. उलट जखम चिघळते आणि डॉक्टरांना ती नीट तपासता येत नाही. त्यानंतर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त आलेला चावा सर्वांत गंभीर वर्गात मोडतो आणि त्यासाठी लशीबरोबर जखमेत व तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यावे लागते. ते पहिल्या दिवशीच देणे उत्तम आणि लशीच्या पहिल्या डोसानंतर सात दिवस उलटले की ते देण्यात अर्थ उरत नाही. लस कातडीत दिली तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7 आणि 28 या दिवशी देतात. स्नायूत दिली तर या दिवसांत चौदाव्या दिवसाची भर पडते. धनुर्वाताच्या लशीचेही डॉक्टरांना विचारावे.

चावणारे कुत्रे किंवा मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे असते. चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल तर ते जनावर या मुदतीत आजारी पडून मरते. ते धडधाकट राहिले तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही असे म्हणता येते आणि पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस सुरू करू, हा हिशेब जिवावर बेतू शकतो. आणि आता शेजारणीचा सल्ला आठवून पाहावा. त्या दिवशी बोका पोत्यात घालून बंदरावर सोडला असता, तर नातीच्या बाबतीतला एकमेव साक्षीदार आपल्याच हाताने घालवला असता.

मांजराच्या चाव्यात आणखी एक खोट असते. कुत्र्याचा दात मांस फाडतो, तर मांजराचा सुळा सुईसारखा आत जातो. वर बारीक टिंब दिसते, ते लगेच मिटते आणि तोंडातील जंतू आत कोंडले जातात. हाताच्या बोटाला किंवा मनगटाजवळ असा चावा झाला की पुष्कळदा चोवीस तासांच्या आतच ती जागा लाल, गरम आणि सुजलेली होते. मूल बोट हलवू देत नसेल, ताप आला असेल किंवा सूज वर चढत असेल, तर घरातल्या उरलेल्या गोळ्या देत बसू नये. कोकणातल्या वाचकांसाठी ओघात एक सांगतो : रात्री अंधारात किंवा लाकूडफाट्याजवळ मुलाला काही चावले, दोन टिंबे दिसली आणि चावताना कोणीच पाहिले नसेल, तर ‘मांजरच असेल’ असे गृहीत न धरता फुरशासारख्या सापाचा संशय घेऊन तडक रुग्णालयात जावे.

आता सोन्याकडे वळतो. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला कुस्तीचे वाटले. पिल्लू आई-भावंडांत वाढते तेव्हा दुसऱ्या पिल्लाला जोरात चावले की ते किंचाळून खेळ सोडून देते, आई थप्पड मारते, आणि दात किती लावायचा याचे माप त्या कोवळ्या आठवड्यांतच पिल्लाला कळते. आपला बोका एकटा वाढला. हे माप शिकवणारे त्याला कोणी भेटले नाही. भेटला तो मुंबईहून येणारा मोठ्या माणसाचा हात, जो चावल्यावर मागे सरण्याऐवजी अधिकच जोमाने खेळत होता. माणसाचा हात आणि पाय ही शिकार आहे, हा धडा त्याने आपल्या घरातच घेतला. चार महिन्यांच्या पिल्लाचे दात गुदगुल्या करतात. वर्षाच्या बोक्याचे तेच दात आता नातीच्या हातात रुततात. त्यामुळे त्याला दुष्ट किंवा कृतघ्न म्हणण्यात काही हशील नाही. शिकवले ते विसरवावे लागेल आणि त्याला दोनतीन महिने सहज लागतील.

पहिला नियम असा की, यापुढे घरातील कोणीही, अगदी गंमत म्हणूनही, त्याच्याशी हाताने किंवा पायाने खेळायचे नाही. या नियमाला एकाने जरी फाटा दिला तरी बाकीच्यांचे कष्ट वाया जातात. त्याऐवजी हातभर लांबीची काठी घ्यावी, तिला दीड-दोन हात सुंभ बांधावा आणि टोकाला कोंबड्याचे पीस अडकवावे. ते पीस जमिनीवरून उंदराप्रमाणे थांबत-थांबत, मध्येच टोपलीमागे दडवत न्यावे. बोक्याच्या तोंडावर नाचवू नये, कारण कोणतीही शिकार स्वतःहून तोंडात येत नसते. दहा-पंधरा मिनिटांत त्याला तीनचार वेळा ते पकडू द्यावे आणि शेवटी लगेच खायला घालावे. काटे काढलेला उकडलेल्या बांगड्याचा तुकडा त्याला पुरेसा आहे; खारवलेली सुकी मासळी देऊ नये. खेळ झाला की काठी वर ठेवून द्यावी, कारण सुंभाचा तुकडा गिळला गेला तर आतड्यात अडकतो.

हा खेळ कधी घ्यावा, याचे उत्तरही आपल्या पत्रातच आहे. मांजराची शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची असते. एरवी सोन्या त्या वेळी बागेत उंदरांमागे असतो. पावसाळ्यात दारे बंद, बाहेर चिखल, आणि घरात हलणारी एकच लहान वस्तू म्हणजे धावणारी नात. तिन्हीसांजेच्या दिव्याआधी अर्धा तास बोक्याला काठीमागे पळवून, खाऊ घालून दमवले, तर दिवा लागेल तेव्हा तो अंग चाटत बसलेला असेल. तो ज्या दाराआड दबा धरतो तेथे एखादी पेटी सरकवून ती जागाच बुजवावी. पडवीच्या खांबाला चार फूट उंचीपर्यंत सुंभ घट्ट गुंडाळून द्यावा. नखे चालवायला त्याला तो आवडेल. आणि नातीचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर एक फळी त्याच्यासाठी ठोकावी. जिथे बसल्यावर कोणीही आपल्याला हात लावत नाही अशी जागा मिळाली की मांजराला दातांचा आधार कमी घ्यावा लागतो.

मांडीवर घेतल्यावर होणाऱ्या चाव्याची गोष्ट वेगळी आहे. ‘एकाएकी चावतो’ असे आपण लिहिले आहे, पण तसे सहसा घडत नाही. चावण्याआधी मांजर बरेच काही सांगत असते. एकदा आपण स्वतः त्याला कुरवाळताना नीट पाहावे. आधी शेपटीचे केवळ टोक हलू लागते, मग सगळी शेपूट जमिनीवर आपटते. पाठीची कातडी माशी बसल्यागत थरथरते. कान बाजूला वळतात, बाहुल्या मोठ्या होतात, घुरघुर थांबते आणि मान हाताकडे वळते. एवढे झाल्यावरही हात चालूच राहिला तर दात येतो. पुष्कळ मांजरांना थोडे कुरवाळणे आवडते, अधिक झाले की तेच नकोसे होते, आणि सव्वातीन वर्षांच्या मुलीला ‘पुरे’ कधी ते कळणे शक्य नाही. ते आपल्याला कळले पाहिजे. शेपटीचे टोक हलले की, “सोन्या दमला, आता त्याला जाऊ दे,” असे म्हणून खेळ मोडावा.

नातीला इतके मात्र शिकवता येईल : सोन्याकडे आपण जायचे नाही, त्याला बोलवायचे, उचलायचे नाही, झोपला किंवा जेवत असला तर हात लावायचा नाही. तो आपणहून आला तर आपल्या हातात तिचा हात धरून फक्त गालावरून आणि कपाळावरून तीनदा फिरवावा आणि मग दोघींनी हात मांडीवर ठेवावेत. तो थांबला आणि डोके पुढे करू लागला तर पुन्हा तीनदा. पोट, शेपूट आणि पाय वर्ज्य. हा खेळ मुलांना चटकन आवडतो. तरीही पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तिला बोक्याजवळ एकटे सोडू नये. आपण चुलीपाशी किंवा विहिरीवर असाल तेवढा वेळ मध्ये एक बंद दार असावे.

चावा बसलाच तर हात हिसकू नये, दात अधिक ओरबाडतात. हात क्षणभर निश्चल ठेवून किंचित त्याच्या तोंडाकडेच ढकलला की पकड सुटते. मग कोणीही ओरडू नये, केरसुणीने मारू नये. सगळ्यांनी तेथून उठून जावे. मार खाल्लेले मांजर चावणे सोडत नाही, फक्त शेपूट आपटून सूचना देणे सोडते. पिसाळल्यासारख्या आवेशात असलेल्या बोक्याला उचलायलाही जाऊ नये. मध्ये सूप आडवे धरावे आणि मुलीला बाजूला घ्यावे.

आता दहा दिवस उलटले आहेत, तेव्हा त्याला झाकणाच्या टोपलीत, तळाशी त्याचेच जुने फडके घालून, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. दात, कान आणि अंगावरचे जुने गळू तपासून घ्यावे, कारण दुखणारे मांजर चावते. रेबीजची लस द्यावी आणि ती दरवर्षी चुकवू नये. बोक्याचे खच्चीकरणही करून घ्यावे असे माझे मत आहे. त्याने खेळातले चावणे आपोआप थांबत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण रात्री भटकणे आणि इतर बोक्यांशी मारामाऱ्या कमी होतात, आणि रेबीज घरात येण्याची वाट तीच असते. घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी त्याला कधीही देऊ नये, ती मांजराला विषासमान आहे. कुत्र्याच्या गोचिडांचे औषधही लावू नये. त्यातील परमेथ्रिनने मांजरे मरतात.

केसाविषयी : पोटात गेलेला केस शौचावाटे बाहेर पडतो, त्याने दमा होत नाही. काही मुलांना मांजराची लाळ आणि कातडीचा कोंडा यांतील प्रथिनांची ॲलर्जी असते आणि ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा तो त्यामुळे बळावू शकतो. नातीला बोक्याजवळ गेल्यावर शिंका, डोळ्यांना खाज किंवा धाप असे काही होत नसेल तर काळजी करू नये.

आणि घालवून देण्याविषयी : दोनतीन महिने हे सर्व करूनही तो विनाकारण चावत राहिला, विशेषतः चेहऱ्याकडे झेपावू लागला, तर लहान मूल नसलेले घर शोधून त्याला तेथे द्यावे आणि खोड लपवू नये. तसे करण्यात कमीपणा नाही. नातीचे डोळे अधिक मोलाचे आहेत. बंदरावर सोडणे मात्र नको. पाळीव जनावर उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय सोन्याला माणसाच्या हाताची भीती नाही. मासळीच्या टोपल्यांपाशी तो दुसऱ्या कोणाच्या तरी नातीला चावेल, आणि तेव्हा त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायला कोणी नसेल.

गणपतीला घर चाकरमान्यांनी भरेल. त्या दिवसांत आरती, फटाके आणि अनोळखी मुले यांपासून दूर, माळ्यावर किंवा मागच्या खोलीत त्याची पाण्या-खाण्याची सोय करून दार लावून घ्यावे. धाकटे चिरंजीव पायरी चढताच सोन्याला हाक मारतील. त्याआधीच पिसाची काठी त्यांच्या हाती द्यावी.