ऑफ-रोड गाडीला चित्रपटातल्या गाडीचं रूप द्यायचं असेल तर आधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हाताशी एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह आहे, तिला आवडत्या चित्रपटातल्या गाडीचं रूप द्यायचंय, पण नुसती उभी ठेवायची नाही, चिखलात आणि दगडधोंड्यांत न्यायचीच आहे. मग रंग, स्टिकर, दिवे, टपावरचं कॅरिअर यांतलं आधी काय करावं? माझ्या जीपवर मी हे काम दोनदा केलंय. पहिल्या वेळचं बरंचसं खरवडून काढावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत सरळ आहे. थीम गाडीच्या कातडीवर राहू द्या, म्हणजे रंगात आणि रेषांत. ज्या वस्तूला वजन आहे किंवा जी नट-बोल्टने बसते, ती दिसायला कितीही देखणी असली तरी तिने काम केलंच पाहिजे. करत नसेल तर लावू नका.

१९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधल्या जीप आठवा. त्या १९९२ च्या रँग्लर सहारा होत्या: वाळूसारखा रंग, लाल पट्टे, दारावर उद्यानाचं चिन्ह आणि अंगावर क्रमांक. एवढंच. २०१५ च्या ‘जुरासिक वर्ल्ड’मध्ये दोन मुलांना जुन्या गॅरेजात धूळ खात पडलेली २९ नंबरची जीप सापडते, आणि बावीस वर्षांनंतरही बघणारा ती क्षणात ओळखतो. त्या रँग्लरचे हेडलाइट चौकोनी होते. तुमच्या गाडीचे गोल असले म्हणून कुणी जाळीसकट पुढचा पत्रा बदलत बसू नये. रंग आणि पट्टे जमले की नजर बाकीचं भरून घेते. १९८५ च्या ‘बॅक टू द फ्युचर’मधला टोयोटा पिकअप तर त्याहून साधा आहे. काळा रंग, हौद्यावर रोल बार (गाडी उलटली तर आधार देणारी नळ्यांची कमान), त्यावर ओळीने दिवे. अंगावर चित्रपटाचं एकही चिन्ह नाही, तरी जाणकार वळून बघतो. पहिल्यांदाच करत असाल तर मी हीच दिशा सुचवेन.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पडद्यावरची गाडी कॅमेऱ्यासाठी बनवलेली असते. ‘जुरासिक पार्क’मधल्या काचेच्या घुमटाच्या फोर्ड एक्सप्लोरर आपोआप चालताना दिसतात, पण चित्रीकरणात चालक मागे सामानाच्या जागेत लपून गाडी चालवत होता. १९७९ च्या ‘मॅड मॅक्स’मधल्या काळ्या फोर्ड फाल्कनच्या बॉनेटमधून वर आलेला, बटण दाबलं की फिरू लागणारा सुपरचार्जर निव्वळ दिखाऊ होता. त्यांना एक शॉट हवा होता. तुम्हाला संध्याकाळी त्याच गाडीने घरी परत यायचंय.

रंगाबाबत लोक हमखास फसतात ते पडद्यावरून रंग उचलताना. चित्रपटाचे रंग चित्रीकरणानंतर मुद्दाम बदललेले असतात. त्यात ऊन, धूळ आणि तुमच्या स्क्रीनची सेटिंग यांची भर पडते. मी असाच फोटोवरून रंग मिसळून घेतला होता. सावलीत बरा दिसायचा, उन्हात आणला की पिवळट. दुसऱ्यांदा मूळ कंपनीच्या रंगाचा कोड शोधून तोच घेतला. रंग देण्याआधी पत्र्याचं काम पूर्ण करा. गंज मुळापर्यंत घासून काढा, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरा, पाणीपेपर मारा, प्रायमर द्या. थीम कितीही छान असली तरी खालून फुगलेला गंज वर्षभरात वर येतोच.

पट्ट्यांबद्दल मात्र मी थोडा वेळ घेणार आहे, कारण गाडीचं रूप तिथेच ठरतं. मडगार्डवरून दारावर आणि दारावरून मागच्या पत्र्यावर जाणारा पट्टा पट्टीने मोजून मारला, तर जवळून अगदी सरळ असतो आणि लांबून वाकडा दिसतो, कारण मडगार्ड फुगीर असतो. मी दोन्ही टोकांना दोरा ताणून बांधला, वीस पावलं मागे गेलो, गुडघ्यांवर बसून पाहिलं आणि मडगार्डवर रेषा बोटभर खाली घेतली. मगच मास्किंग टेप लावली. ज्या उंचीवरून आणि अंतरावरून कॅमेऱ्याने ती गाडी पाहिलीय, तिथूनच तुमची रेषा तपासा.

पट्ट्याचा लाल रंग टेपखाली झिरपून कडा दातेरी होते, त्यावर एक उपाय आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच, म्हणजे माझ्या जीपच्या बाबतीत वाळूसारख्या, रंगाचा पातळ फवारा मारायचा. जे काही झिरपेल ते खालच्या रंगात मिसळून जातं आणि फट बंद होते. तो सुकल्यावर लाल रंगाचे दोन पातळ हात. शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच दुमडून, रेषेपासून बाहेरच्या बाजूला सावकाश ओढायची. पहिल्या दाराची टेप अशी निघाली आणि खाली ब्लेडने कापल्यासारखी कडा दिसली, तेव्हा मी हातातलं काम टाकून बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो.

रंगाऐवजी रेडियम किंवा रॅप, म्हणजे पत्र्यावर चिकटवायची रंगीत फिल्म, लावणार असाल तर कास्ट (ओतून बनवलेलं) व्हिनाइलच मागा. ते साधारण ५० मायक्रॉन जाडीचं असतं आणि वळणावर नीट बसतं. स्वस्तातलं कॅलेंडर्ड (लाटून बनवलेलं) व्हिनाइल ७५ ते १०० मायक्रॉनचं असतं आणि उन्हात आकसतं. माझी पहिली चूक तीच होती. मागच्या चाकाच्या कमानीवर लावलेला पट्टा पहिल्याच चिखलाच्या फेरीनंतर कडेने उचलला, आत माती शिरली, आणि प्रेशरच्या पाण्याने धुताना अर्धा हातात आला. चाकांच्या मागे आणि दाराखालच्या पट्टीवर खडी सतत आपटते, तिथे रंगच टिकतो. दारावरचं चिन्ह आणि क्रमांक व्हिनाइलचे चालतात. ताज्या रंगावर मात्र लगेच चिकटवू नका. रंगातले द्रव पूर्ण उडून जायला काही आठवडे लागतात, नाहीतर खाली फुगे धरतात. चुंबकाची निघणारी चिन्हं ऑफ-रोडला नकोतच, त्यांच्याखाली रेती जाऊन पत्रा घासला जातो.

वजनाच्या गोष्टी. टपावर पेट्या, फावडी, जास्तीची स्टेपनी असं सगळं रचलेलं चित्रपटात रुबाबदार दिसतं. पण टपावरचं प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतं, आणि आडव्या उतारावर गाडी कलू लागली की ते पोटात जाणवतं. टप किती वजन पेलतो हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, कॅरिअरचं वजन त्यातच धरा. टायर मोठे घेणार असाल तर ३१ इंचांवरून ३३ वर गेल्यावर घेर साडेसहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटरवर ६० दिसतं तेव्हा गाडी ६४ ने धावत असते. ब्रेकवरचा भारही वाढतो.

दिवे लावा, त्यांचा उपयोग असतो. ५५ वॉटचे चार दिवे १२ व्होल्टवर सुमारे १८ अँपिअर ओढतात, तेव्हा वायर थेट बटणाकडे न नेता रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घाला आणि फ्यूज बॅटरीजवळ ठेवा. टपावरच्या दिव्यांचा उजेड बॉनेटवर पडून डोळ्यांवर येतो, म्हणून बॉनेटचा मधला भाग मॅट रंगात असलेला बरा. थीममध्ये तो सहज बसतो.

आणि हे कृपया वाचाच. पहिल्या वेळी मी बंपरवर दोन लाल शॅकल (टोचनचा पट्टा अडकवायचे लोखंडी आकडे) लावले होते, निव्वळ शोभेसाठी. ते बंपरच्या पत्र्याला बारीक बोल्टने धरलेले होते, चासीशी त्यांचा संबंध नव्हता. एका ओढ्यात गाडी रुतली, अंधार पडला होता, आणि मदतीला आलेल्या मित्राने टोचनचा पट्टा त्यातल्याच एका शॅकलमध्ये अडकवला. त्याने गाडी गिअरमध्ये टाकायच्या आत माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं. ताणलेल्या पट्ट्यासकट सुटलेला लोखंडाचा तुकडा माणसाचा जीव घेतो. ज्या हुकावर गाडी ओढता येत नाही तो हुक गाडीवर नसावा. विंचचंही, म्हणजे तार गुंडाळून रुतलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राचंही, तसंच. लावायचा तर खरा लावा, भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा. दोन टनांच्या गाडीला तीन टनांचा.

कागदपत्रांचं एक वाक्यात सांगतो: रंग बदलल्यावर अनेक देशांत नोंदणीत तशी नोंद करावी लागते, लिफ्ट किट (गाडी उंच करायचे भाग), टायर आणि जादा दिव्यांवर मर्यादा असतात, तेव्हा काम सुरू करण्याआधी आपल्याकडचा नियम बघून घ्या.

जुनाटपणा, धूळ, ओरखडे हे रंगवून आणायची घाई करू नका. मी ब्रशने कोरड्या चिखलाचे डाग रंगवून पाहिले होते. दोन फेऱ्या झाल्यावर खरी माती जिथे साचली ती जागा वेगळीच निघाली: दाराच्या बिजागऱ्यांखाली, इंधनाच्या झाकणाभोवती, बॉनेटच्या कुलपाशी. माझे रंगवलेले डाग शेजारी ठेवल्यावर खोटे दिसत होते, मी ते पुसून टाकले.

शेवटी, पट्ट्यांचे आणि क्रमांकाचे साचे जाड प्लॅस्टिकवर कापून ठेवा आणि उरलेला रंग डब्याला कोड लिहून घट्ट बंद करून ठेवा. मागच्या मडगार्डवरचा लाल पट्टा मी आतापर्यंत तीनदा नव्याने मारलाय, आणि साचा हाताशी असल्याने प्रत्येक वेळी एका सकाळीत काम उरकलंय.