१४ इंची बँडसॉला फणसाचं लाकूड चिरायला कोणती पट्टी घ्यावी?

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीची करवत, आणि १४ इंच हा तिच्या चाकाचा व्यास. तिला जास्त दात्यांची पट्टी घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की मशीनसोबत आलेली इंचाला ६ दात्यांची पट्टी सहा इंच उंचीचा फणस उभा चिरताना एका बाजूला पळते, लाकूड काळं पडतं, आणि म्हणून आता १० दात्यांची घ्यावी असं वाटतंय. उलट करा. इंचाला ३ दाते असलेली, अर्धा इंच म्हणजे चार सूत रुंदीची पट्टी घ्या. तुमचा निम्मा त्रास तिथेच संपेल.

असं का, ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. दाता लाकूड कापतो, पण भुसा बाहेर काढते ती दोन दात्यांमधली खाच. दाता वरून लाकडात शिरतो तेव्हा खाच रिकामी असते आणि खाली टेबलातून बाहेर पडेपर्यंत तिला सगळा भुसा पोटात ठेवावा लागतो. ती मध्येच भरली तर पुढचं लाकूड कापलं न जाता नुसतं घासलं जातं, पट्टी तापते, आणि तुम्ही ढकलत राहिलात की वाट मिळेल तिकडे वळते. साधारण हिशेब असा की एका वेळी लाकडात ६ ते १२ दाते असावेत. ३ पेक्षा कमी असले तर पट्टी लाकडाला हिसका देते, २४ च्या वर गेले तर ती गुदमरते. तुमच्या सहा इंचाच्या फणसात आताचे ३६ दाते आहेत. १० ची घेतलीत तर ६० होतील. ३ ची घेतलीत तर १८, म्हणजे २४ च्या आत.

सफाईचं म्हणाल तर कापावर थोडे ओरखडे राहतील, आणि राहू देत. चिरलेल्या फळीवर रंधा मारायचाच असतो. गावातल्या सॉमिलमध्ये जाऊन तिथल्या पट्टीचे दाते पाहा, केवढे मोठे आणि केवढे लांब लांब असतात.

आपल्याकडे कोकणात आणखी एक भर पडते. घाटावरचा सुतार बहुतेक वेळा सुकलेलं लाकूड कापतो. आपल्याकडे वादळात पडलेला फणस किंवा आंबा महिन्याभरात मशीनवर येतो, तोही आषाढात. ओल्या लाकडाचा भुसा मऊ आणि चिकट, त्यात फणसाचा चीक. अशा लाकडाला खाच मोठी हवीच, शिवाय दाते डावी-उजवीकडे जरा जास्त वळवलेले हवेत, म्हणजे पट्टीच्या पाठीला जागा मिळते. दुकानात ‘हुक’ म्हणजे पुढे झुकलेल्या दात्याची मागा. ‘स्किप’ म्हणजे एकाआड एक दाता गाळलेली पट्टीही मऊ लाकडाला चालते, पण सहा इंचाच्या फणसाला हुकच बरी. आणि काम थांबवताना पट्टीवरचा चीक डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसून काढा, अर्थात प्लग काढून. दात्यांच्या बगलेत चीक वाळून बसला की नवी पट्टीही बोथट झाल्यासारखी वागते, आणि बरेच जण त्यावरूनच ती फेकून देतात.

आता रुंदी. मशीनच्या कागदावर ‘पाऊण इंचापर्यंत’ असं लिहिलेलं असेल. लिहू द्या. साध्या पोलादी पट्टीला दर चौरस इंचाला १५ हजार पौंडांच्या आसपास ताण लागतो. अर्धा इंच रुंद आणि ०.०२५ इंच जाड पट्टीच्या, खाली येणारी आणि वर जाणारी अशा दोन्ही बाजू मिळून धरल्या तर हे साधारण १७० किलो होतं. पाऊण इंच रुंद आणि ०.०३२ इंच जाड पट्टीला ते सव्वातीनशे किलोच्या वर जातं. १४ इंची मशीनची स्प्रिंग आणि फ्रेम एवढं सहसा ओढू शकत नाही. मग रुंद पट्टी ढिली राहते आणि अरुंद पट्टीपेक्षाही वाकडी चालते. जाड पट्टी लहान चाकावर वाकून वाकून लवकर तुटते, ते वेगळंच. म्हणून जाडी ०.०२५ इंच, म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या आसपास.

गोलाईच्या कामाला मात्र ही पट्टी चालणार नाही. अर्धा इंची पट्टी साधारण अडीच इंच त्रिज्येपर्यंतच वळते, पाव इंची पाऊण इंचाच्या आत वळते. पोळपाट चार सूताच्या पट्टीवर आरामात निघतो. आडाळ्याच्या (विळीच्या) पाटाची नक्षी किंवा देव्हाऱ्याची महिरप कापायची तर दोन सूताची, ६ दात्यांची वेगळी पट्टी ठेवा. तिथे लाकूड पाऊण-एक इंच जाडीचं असतं, त्यामुळे ६ दाते बरोबर बसतात. एका पट्टीत सगळं भागवायचा नाद सोडा.

साग आणि माड ही दोन लाकडं वेगळी. दोन्हींत वाळूच्या जातीची सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादी पट्टीची धार बघता बघता जाते. माडाचा बाहेरचा भाग तर दगडासारखा. ही लाकडं रोजची असतील तर बायमेटल घ्या: पाठ लवचिक पोलादाची, दाते हायस्पीड स्टीलचे. महाग पडते, पण टिकते. फणस, आंबा, शिवण एवढंच काम असेल तर साधी पोलादी पट्टी पुरे, त्याच पैशात दोन आणा. एक सावधगिरी: हार्डवेअरच्या दुकानात ‘बायमेटल’ म्हटलं की अनेकदा १४ किंवा १८ दात्यांची पट्टी पुढे येते. ती लोखंड कापायची.

लांबी जुन्या पट्टीवरून मोजा. ती हाताशी नसेल तर चाकाचा व्यास गुणिले ३.१४, अधिक दोन चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची दुप्पट. मोजताना वरचं चाक ताणाच्या स्क्रूवर अधेमधे ठेवा, अगदी वर नाही. बऱ्याच १४ इंची मशीनना ९३.५ इंच लागते, उंची वाढवायचा ठोकळा बसवलेला असेल तर १०५. तरी अंदाजाने मागवू नका, स्वतः मोजा.

कोल्हापूर-पुण्याकडे रिळातून हवी तेवढी पट्टी कापून जोड मारून देतात. जोड नीट पाहा. पाठीवरून बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये. मशीनवर चढवून प्लग न लावता चाक हाताने फिरवा; जोड गाईडजवळून, म्हणजे पट्टीला सरळ धरून ठेवणाऱ्या आधारांजवळून, जाताना पट्टी मागेपुढे उडाली तर परत करा. दाते टेबलाकडे खाली तोंड करून नसतील तर पट्टी उलटी वळलेली आहे, हातमोजे घालून आतली बाजू बाहेर काढा. आणि नवी पट्टी पण तशीच पळाली तर मग दोष गाईडमध्ये किंवा ताणात शोधा.

खारी हवा हा आपला कायमचा पाहुणा. किनाऱ्याजवळ उघडी टांगलेली पट्टी पावसाळ्यात गंजते आणि गंज आधी दात्यांच्या टोकांना लागतो. मशीन बरेच दिवस बंद राहणार असेल तर पट्टी उतरवा, मशीन ऑइलचा हात फिरवा, तीन वेढ्यांत गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. पुन्हा चढवताना तेल पुसा, नाहीतर पहिल्या फळीवर डाग पडतात.

जुनीला धार लागेल का, असंही तुम्ही विचारलंय. बारीक तिकोनी कानस एका दात्यावर फिरवून बघा. कानस धरली तर लावा, प्रत्येक दात्याला सारखेच हात. घसरली तर दाते कडक केलेले आहेत, त्याला कानस लागायची नाही. मग दाते ग्राइंडरवर घासून काढा आणि हातभर तुकडे करून ठेवा. पाठीची कड चौकोनी घासली की गाठीजवळचं लाकूड खरवडायला उत्तम पातं होतं.